पुढचे दात, मागच्या दाढा

विट्याच्या दवाखान्यात माझा सगळ्यात गर्दीचा महिना मे. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे देशभर पांगलेली आहेत. कोणी कोइमतूरला, कोणी अमृतसरला, कोणी बंगालमधल्या एखाद्या बाजारपेठेत. वर्षभर कुलूप असलेली घरं मे महिन्यात उघडतात. लग्नं, जावळं, देवदेव, शेतीचे कागद अशी कामांची यादी घेऊन माणसं येतात आणि त्या यादीत हल्ली ‘पोरांचे दात’ हेही एक काम असतं. सात-आठ वर्षांचं पोर खुर्चीवर बसवायचं, त्याचा वरचा ओठ उचलून दाखवायचा आणि विचारायचं, “मॅडम, आत्ताच क्लिप लावून टाकू या का? सुट्टी हाय तवर.”

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे लोकांच्या लेखी तारा लावणारी डॉक्टर. राहते सांगलीत, विटा, तासगाव, पलूस इथल्या दंतवैद्यांकडे ठरलेल्या वारी व्हिजिटिंगला जाते. आमच्यातल्या अनेकांचं काम असंच चालतं. खुर्ची त्यांची, पेशंट त्यांचा, तारा आपल्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या कामात फारसं अडत नाही. कायमचे दात आलेले असतात, आरशात बघून मुलगा किंवा मुलगी स्वतःच हट्टानं आलेली असते आणि दीड-दोन वर्षांत काम हातावेगळं होतं. कस लागतो तो लहान मुलांच्या बाबतीत. कारण तिथे ‘कसं करायचं’ याच्या आधी ‘आत्ता करायचं का’ हे ठरवावं लागतं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आईवडील पुढचे दात बघून येतात आणि माझं लक्ष मागच्या दाढांकडे जातं. त्यांना ज्याची घाई असते ते बहुतेकदा थांबू शकतं. जे थांबू शकत नाही, ते मात्र घरात कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

सगळ्यात जास्त घाई असते ती फटीची. कोइमतूरहून आलेल्या एका बाईंनी आठ वर्षांच्या मुलीला आणलं होतं. वरच्या दोन मोठ्या दातांत फट आणि शेजारचे दोन दात बाहेर फाकलेले. “दुधाचे दात किती छान होते हो, आणि हे असे आले. पुढे मुलीचं कसं व्हायचं?” पुढे म्हणजे लग्नात, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण सासूबाई शेजारीच बसल्या होत्या आणि मान हलवत होत्या.

त्या वयात ही फट असणं हा वाढीचाच भाग असतो. वरचे सुळे तेव्हा हिरडीच्या आत उंचावर असतात. खाली उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, मुळं आत जातात आणि दातांची टोकं बाहेर फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की दाब टोकांच्या बाजूला येतो आणि लहानशी फट बहुधा आपली आपण मिटते. अमेरिकेतल्या ब्रॉडबेंट या ऑर्थोडॉन्टिस्टनं या काळाला ‘कुरूप बदकाचा काळ’ म्हटलं. डोक्याचा बाजूनं, मोजमाप करता येईल असा एक्स-रे काढायची पद्धत १९३१ मध्ये ज्यांनी आणली त्यांतला हा एक. सुळे वर असतानाच तारा ओढून फट बंद केली, तर शेजारच्या दातांची मुळं नेमकी सुळ्यांच्या वाटेत येण्याचा धोका असतो. म्हणजे आज दिसायला छान आणि उद्याला त्रास. फट दोन मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर मी एक्स-रे काढून घेते, कारण कधी कधी मधोमध एखादा जादा दात हाडात अडकलेला असतो. त्या मुलीला तसं काही नव्हतं. “सुळे येईपर्यंत काही करायचं नाही,” असं सांगितलं तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. मोठ्या शहरातून येऊन ‘काही करायचं नाही’ हे ऐकणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं.

पण त्याच मुलीच्या तोंडात खाली डावीकडे एक जागा रिकामी होती. दुधाची शेवटची दाढ किडली म्हणून काढून टाकलेली. “ती ना? ती दुधाचीच होती, पडणारच होती,” सासूबाई म्हणाल्या.

माझ्या कामात याहून महाग पडणारं वाक्य मी ऐकलेलं नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे सहाव्या वर्षी एक मोठी दाढ येते. ती कायमची असते. तिच्या येण्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ती आल्याचं कळतच नाही, आणि कळलं तरी ती दुधाचीच समजली जाते. ही सहा वर्षांची दाढ पुढच्या दुधाच्या दाढेला टेकून उभी असते. पुढची दाढ अकाली गेली की ती पुढे झुकते, सरकते. दुधाच्या दाढेच्या जागी दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान कायमची उपदाढ यायची असते; तिची वेळ येते तेव्हा जागा उरलेली नसते. मग ती हाडात अडकते किंवा जिभेच्या बाजूनं वाकडी येते. २००२-०३ मध्ये देशभर झालेल्या मुखआरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ५२ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. मोठेपणी वेड्यावाकड्या दातांसाठी येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या दाटीची सुरुवात चौथ्या-पाचव्या वर्षीच्या या किडीत असते, ‘घराण्यातच आहे’ यात नसते.

यावरचा उपाय अगदी साधा. मागच्या दाढेला एक पट्टी बसवायची आणि तिला जोडलेला तारेचा फास पुढच्या दातापर्यंत न्यायचा. याला आम्ही स्पेस मेंटेनर म्हणतो. सासूबाईंना मी म्हटलं, “एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरता ना, तसंच. माणूस मागनं येणार आहे, तोवर दुसऱ्यानं बसायला नको.” त्यांना एका क्षणात पटलं. पट्टीचं सिमेंट सुटलं तर आत अन्न साचून दाढ किडते, आणि नवा दात वर येऊ लागला की फास काढावा लागतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायला हवं, हे मात्र दोनदा समजावावं लागलं. शेवटी कोइमतूरमधल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली.

दुधाच्या दाढांबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्या नंतर येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून सरासरी १.७ मिलिमीटर जागा जास्त अडवतात, वर सुमारे ०.९. खालच्या दोन्ही बाजूंची बेरीज केली तर तीन मिलिमीटरच्या वर जागा निसर्गानं शिल्लक ठेवलेली असते. शेवटची दुधाची दाढ पडायच्या आधी, साधारण दहाव्या वर्षी, आतून एक तार बसवून मागच्या दाढा धरून ठेवल्या तर ती जागा पुढच्या दातांची दाटी सोडवायला मिळते. कित्येक मुलांचे चांगले दात काढायची वेळ यामुळे टळते. जबड्यात काही ढकलायचं नाही, ओढायचं नाही. जे आहे ते फक्त वाया जाऊ द्यायचं नाही. लहान मुलांवर मी जे काम करते, त्यातलं हे मला सगळ्यात आवडतं.

आता जे थांबवून चालत नाही त्याबद्दल.

पलूसला एक मुलगा साध्या फिलिंगसाठी आला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला सहज बघायला सांगितलं. वरचे दोन मोठे दात नुकते आलेले, त्यातला एक मिटल्यावर खालच्या दाताच्या आत जात होता. हसल्यावर वरचे दात तेवढे दिसतात, म्हणून घरी कोणालाच ते दिसलं नव्हतं. पण चावताना दर वेळी तो वरचा दात खालच्याला पुढे ढकलत होता आणि खालच्या दाताची हिरडी उतरायला लागली होती. इथे सुळ्यांची वाट बघत बसलं असतं तर तो खालचा दात सैल झाला असता. एक काढता-घालता येणारी प्लेट, तिच्यात दातामागे एक छोटी स्प्रिंग, मागच्या दाढांवर थोडी उंची. काही आठवड्यांत दात बाहेर आला आणि खालच्या दातानं त्याला तिथेच धरून ठेवलं.

एका बाजूच्या दाढा उलट्या चावणाऱ्या मुलांचंही तसंच. वरचा जबडा अरुंद असला की मुलाला सरळ चावता येत नाही, म्हणून ते खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावतं. अशा चावण्यातच वर्षं गेली तर हनुवटी एका बाजूला वाढण्याची शक्यता असते. टाळूचे दोन भाग मधल्या सांध्यात अजून घट्ट जुळलेले नसतात, तोवर मधे स्क्रू असलेलं साधन बसवून वरचा जबडा रुंद करता येतो. ही कल्पना १८६० मध्ये एंजेल नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं मांडली, तेव्हा कोणी ती फारशी मनावर घेतली नाही. शंभर वर्षांनी ती रोजच्या वापरात आली. चावी घरी आईनं फिरवायची असते. एकदा फिरवली की पाव मिलिमीटर. पहिल्या दिवशी आयांचे हात थरथरतात, आठवड्यानंतर त्याच मला सांगतात, “मॅडम, मधे फट पडायला लागली, म्हणजे उघडतंय ना?” पुढची फट बघून घाबरण्याऐवजी त्यांना आनंद होतो, असा हा एकच प्रसंग.

खालचा जबडा पुढे असलेल्या मुलांचं जास्त अवघड. तासगावजवळच्या एका गावातून आजोबा नातवाला घेऊन आले होते. आजोबांची हनुवटी पुढे, मुलाच्या वडिलांची पुढे, आणि सात वर्षांच्या नातवाचे खालचे सगळे दात वरच्यांच्या पुढे. आजोबांना त्यात तक्रार नव्हतीच. “आमच्यातली समदीच अशी. बघताक्षणी लोक वळखत्यात,” ते कौतुकानं म्हणाले. मुलाला आणलं होतं ते भाकरी तोडता येत नाही म्हणून.

अशा मुलांत पुष्कळदा खालचा जबडा जास्त वाढण्याइतकाच वरचा कमी वाढलेला असतो. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत वरच्या जबड्याला पुढे ओढून घेता येतं. त्यासाठी फेसमास्क असतो. कपाळावर आणि हनुवटीवर टेकलेली चौकट आणि तोंडातल्या साधनापासून तिच्यापर्यंत रबरं. दिवसातले बारा-चौदा तास घालायचा, म्हणजे शाळा सुटल्यापासून सकाळपर्यंत. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर याची चाचणी झाली आणि त्या मुलांकडे पुढे सहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना मास्क दिला नव्हता त्यांतल्या ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांना वाटलं. मास्क वापरलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. हा फरक मोठा आहे, पण ३६ टक्के हेही थोडे नाहीत. मुलांची खालच्या जबड्याची वाढ अठराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत चालू राहते आणि घराण्याचं देणं कधी कधी आमच्यावर मात करतं. हे आजोबांना आणि वडिलांना मी आधीच सांगितलं. वडील पटकन म्हणाले, “म्हणजे खात्री नाही.” मी म्हटलं, “खात्री नाही. पण बाराव्या वर्षी आलात तर ही संधीही नसेल.” त्यांनी मास्क घेतला. पोरगं संध्याकाळी तो लावून अंगणात बसायचं, आणि वाडीतली पोरं हेल्मेट म्हणून तो मागायला यायची.

पुढे आलेल्या दातांबद्दल मात्र आमच्या शाखेतलंच मत आता बदललं आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा मागे असला की लवकरात लवकर साधन द्यायचं, असं ऐकलं होतं. जबडा पुढे धरून ठेवणारी अनेक साधनं आहेत. त्यातलं ट्विन ब्लॉक हे १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी तयार केलेलं साधन आपल्याकडे फार चालतं. पण ब्रिटन आणि अमेरिकेत मुलांचे गट पाडून तपासण्या झाल्या. एका गटाला लवकर उपचार, दुसऱ्याला किशोरवयात. वयात आल्यावर दोन्ही गटांचे जबडे आणि दात जवळपास सारखेच निघाले. लवकर सुरू केलेल्यांच्या वाट्याला मात्र दोन फेऱ्यांचे उपचार, जास्त खेपा आणि जास्त वर्षं आली. फायदा म्हणावा असा ठळक फरक एकच दिसला. पुढे आलेले दात पडझडीत तुटण्याचं प्रमाण लवकर उपचार झालेल्यांत कमी होतं.

म्हणून आता असं मूल आलं की मी जबड्याइतकंच त्याच्या दिवसाबद्दल विचारते. सायकलवरून पडतो का, झाडावर चढतो का, एखाद्या दाताचा टवका उडालाय का? आणि मुलाला एकट्याला विचारते, शाळेत काय म्हणतात? तासगावच्या एका मुलाला वर्गात दातांवरून एक नाव पडलं होतं. ते नाव मला सांगायला त्याला बराच वेळ लागला. त्याला नवव्या वर्षीच साधन दिलं. ब्रिटनच्या अभ्यासातही लवकर उपचार मिळालेल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत त्या वयात सुधारल्याचं दिसलं होतं, आणि वर्गात रोज बसायचं ते मुलालाच. ज्याला असं काही नाही, त्याला मी वाढीच्या जोराची वाट बघायला सांगते. तो जोर ओळखायला मनगटाचा किंवा मानेच्या मणक्यांचा एक्स-रे असतोच, पण मी आधी आईला विचारते, “या वर्षी गणवेश किती वेळा आखूड झाला?” मुलींच्या बाबतीत पाळी सुरू झाली का हेही हळूच विचारावं लागतं, कारण वाढीचा मोठा जोर बहुधा त्याआधीच येऊन जातो. ‘मुलगी शहाणी झाली की मग आणू’ असं ठरवून बसलेल्या आयांना हे सांगावं लागतं की तोवर उशीर होतो.

अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येण्याआधीच कारल्याचा रस, कडुनिंब, मिरची, चिकटपट्टी, बाबांचा धाक हे सगळं करून झालेल्या असतात. तीन-चार वर्षांपर्यंत अंगठ्याची चिंता करू नये. पुढचे कायमचे दात यायची वेळ झाली आणि तरीही रात्रभर अंगठा तोंडात असेल तर मात्र लक्ष घालायला हवं. मी आईला बाहेर बसवते आणि मुलाशी बोलते. सोडायचा असं त्याला वाटत असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि रंगीत टिकल्या पुरतात. त्याला वाटत नसेल तर टाळूला बसवलेली तारेची जाळीसुद्धा ते वाकवून आणतं. सवय वेळेत सुटली तर वरच्या-खालच्या दातांमधली उघडी जागा पुष्कळदा आपोआप मिटते. पोर तोंडानं श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर तारांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवते. नाक बंद असताना दात सरळ करत बसण्यात अर्थ नसतो.

दहा वर्षांच्या मुलांची मी आवर्जून करते ती तपासणी बोटानं होते. वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या मुळाशी बोट फिरवायचं. तिथे उंचवटा लागायला हवा. तो येऊ घातलेला कायमचा सुळा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढायचा. सुळा टाळूकडे भरकटलेला असला तर दुधाचा सुळा वेळेत काढून टाकायचा, एवढंच. स्वीडनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एवढ्या एका कामामुळे भरकटलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ सुळे आपल्या मार्गावर आले होते. चुकला तर पुढे टाळूत कापून, सुळ्याला साखळी लावून, महिनोन्‌महिने ओढत आणावा लागतो. या सगळ्या तपासणीला एक मिनिट लागतं, आणि त्यासाठी आजवर एकही पालक आपण होऊन आलेला नाही.

लवकर उपचारांची खरी मर्यादा मला वाटते ती मुलांच्या सोसण्याची. पोर पहिले तीन-चार महिने हौसेनं येतं, प्लेटचा रंग निवडतं, मित्रांना दाखवतं. मग प्लेट कंपासपेटीत राहते, कागदात गुंडाळून डब्याबरोबर कचऱ्यात जाते. उसाच्या हंगामात तर ज्यांच्या पुढच्या दातांना चार ब्रॅकेट लावलेत, ती मुलं दातानं ऊस सोलून ब्रॅकेट खिशात घालूनच येतात. त्यांच्यावर रागावता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पोरानं हंगामात ऊस खाऊ नये, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण आठव्या वर्षी ज्याची हौस संपली, त्याला बाराव्या वर्षी खऱ्या गरजेच्या वेळी पुन्हा तारांसाठी तयार करणं कठीण जातं. त्याच्याकडचा उत्साह मोजका असतो आणि तो कशावर खर्च करायचा हे आपण ठरवायचं असतं.

मुलं गावात राहणार आहेत की नाही, हाही प्रश्न इथे दातांइतकाच महत्त्वाचा. गलाईवाल्यांची मुलं दिवाळी आणि मे महिना सोडून दिसत नाहीत. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली मुलं हंगाम संपला की जातात, आणि त्यांना माझ्यापर्यंत आणतं तरी कोण? २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. त्या पथकांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन कधीमधी एखादं मूल येतं. अशा मुलाला दर महिन्याला घट्ट करावं लागेल असं काहीही मी लावत नाही. किडलेली दुधाची दाढ वाचवणं, पट्टी आणि फास बसवणं, उलटा दात बाहेर काढणं, एवढ्यावर थांबते. अर्धवट सोडलेल्या तारा दातांना किडीशिवाय दुसरं काही देत नाहीत.

राहता राहिली पैशाची गोष्ट. लहान वयातल्या उपचारांची हल्ली मोठी हवा आहे. मोबाईलवर रबरी ट्रेनर मागवता येतात, तारांविना दात सरळ होतील अशा जाहिराती येतात, आणि शेजारच्या मुलाला लागलं म्हणून आपल्याही मुलाला हवं असतं. सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. त्याचा अर्थ सातव्या वर्षी बघून घ्या, एवढाच आहे. पण तो ‘सातव्या वर्षी सुरू करा’ असा पसरला. त्यात डॉक्टरची अडचण अशी की लावलेल्या तारांचे पैसे मागता येतात, न लावलेल्यांचे मागणं अवघड. विट्याला एक वडील म्हणाले होते, “मॅडम, काही करायचंच नाही तर फी कशाची?” एरवी तो माणूस रोखठोक हिशेबाचा, गलाईतला. मी म्हटलं, “सोनं खरं हाय का खोटं, हे नुसतं बघून सांगायचं तुम्ही काय घेत नाही?” ते हसले आणि फी दिली.

तेव्हापासून मी तपासणीची फी न संकोचता घेते आणि बदल्यात एक कागद देते. कुठली दाढ कायमची आहे ते चित्रात खूण करून, कोणता दात कधी पडायला हवा, कशाची भीती नाही, काय दिसलं तर लगेच यायचं, आणि पुढची तारीख. ज्या डॉक्टरांकडे मी जाते त्यांच्यातल्या एकांनी विचारलं होतं, “निम्मी पोरं अशी परत पाठवलीत तर तुमचं कसं चालायचं?” चालतं. तीच मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी तारांसाठी माझ्याकडेच येतात आणि येताना चुलत भावंडांना घेऊन येतात. फरक इतकाच की त्यांतल्या पुष्कळांचं काम सोपं झालेलं असतं, एखाद्याला तारांची गरजही उरलेली नसते, आणि त्यांच्या आयांना तोवर सहा वर्षांची दाढ कुठली ते माझ्याशिवाय सांगता येतं.